एस. पुराणिक

लॅपटॉपच्या पंख्याची तेवढी घरघर चालू होती. शंतनुच्या प्राध्यापकपदाच्या अर्जाची मुदत पाच वाजता संपत होती आणि त्याचा एच-इंडेक्स, म्हणजे इतरांनी घेतलेल्या संदर्भांवरून निघणारा संशोधकाचा आकडा, एका अंकानं कमी पडत होता. संशोधकांच्या संकेतस्थळावरचं आपलं प्रोफाइल नीट लावून द्यायला त्यानं बायकोला, शमिकाला, बसवलं होतं. संकेतस्थळानं 'एस. पुराणिक' या नावाचे तीन शोधनिबंध आपणहून पुढे केले होते. सांवेर गावच्या शेतांतल्या सोयाबीनच्या मुळांवरचे. दोनशेहून अधिक संशोधकांनी त्यांचा संदर्भ घेतलेला.

"जोडून दे ना," शंतनु म्हणाला. "नाव तेच, सब्जेक्ट तोच. कोण चेक करतंय?"

"लिहिणाऱ्याला विचारायला नको?"

"त्या नावानं सहा साल झाले, काही नवीन आलेलं नाही. आता लिहिणाऱ्याला त्याचा काय उपयोग, बोल? खालीपीली वेळ नको घालवूस."

शमिकानं पहिला निबंध उघडला. सांवेरच्या चिखलात बसून उपटलेल्या रोपांचे फोटो अजून तसेच स्वच्छ दिसत होते. लेखकाचं नाव वर पूर्ण लिहिलेलं होतं: शमिका पुराणिक.

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "हे लेखन तुमचंच आहे का, असं विचारतंय. काय लिहू?"



शंतनुनं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तो खोलीबाहेर निघून गेला.