कुणाचीच हरकत नव्हती

"खिडकी जरा..." एवढं बोलून आबांचं बोलायचं मशीन आपणहून बंद झालं. अपडेट घेऊन पुन्हा सुरू झालं, ते मुकंच. आजारानं आबांचं एकच बोट हलायचं शिल्लक ठेवलं होतं. त्या बोटानं ते बटण दाबत राहिले. पडद्यावर अक्षर उमटेना.

बोलणं जायच्या आधी आईनं त्यांचा आवाज भरून ठेवला होता. त्यांच्यासाठी हा प्रोग्रामही तिनंच लिहिला. पुढे आई गेली, तिचा कॉम्प्युटर गेला, मूळ कोडही गेला. उरला नुसता तयार प्रोग्राम, ज्यात आता कुणाला काही बदलता येणार नव्हतं. चालतोय तोवर आबांना तोंड आहे, एवढाच हिशोब.

ताईनं धाकट्या भावाला फोन करून बोलावून घेतलं. तो कर्नेलवर काम करतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातल्या कारभाऱ्यावर. आबांची सगळी नोकरी त्यातच गेली. त्यांचा नियम एकच होता: आत वाट्टेल ते बदला, पण काल चालणारा प्रोग्राम आज मोडता कामा नये. मोडला तर ते पोराटोरांनाच नव्हे, साहेबालाही झाडायचे.

धाकटा आला. खांद्यावरची बॅगही न उतरवता समजावू लागला. जुने प्रोग्राम ज्या वाटेनं कर्नेलकडे काम मागायचे, ती वाट त्यानंच बंद केली होती. त्यामुळे सगळं वेगवान झालं आणि त्याला टीमचा प्रमुख केलं. आधी रीतसर जाहीर विचारणा झाली होती. कोणी बोललं नाही तर हरकत नाही असं धरतात.

"आणि घरात? घरात विचारलंस?" ताई म्हणाली.

"विचारलं की. मागच्या महिन्यात याच मशीनवर तपासलं, आबांसमोर. काही अडचण आहे का म्हटलं. ते काही बोलले नाहीत."

ताईला आबांचाच राग आला. पोराच्या बढतीसाठी गप्प बसले. आयुष्यभराचा नियम गिळला, वर स्वतःचा आवाजही देऊन टाकला. लाडोबाला नाही म्हणायचं नाही ना!

मशीनमध्ये जुना कर्नेल अजून होता. तिनं तो निवडून मशीन परत सुरू केलं. धाकटा म्हणाला, कशाला, पुढच्या अपडेटला तोही जाईल. एवढ्यात तो दारापर्यंत पोचलाही होता.

आबांचं बोट हलू लागलं. एक अक्षर, मग दुसरं. ताई शेजारी बसून राहिली. मग खोलीत आबांचा ठणठणीत जुना आवाज आला.

"आधी त्यानं नवा कर्नेल टाकला. मग विचारलं. मी बटण दाबत होतो. तो माझ्या बोटाकडे बघत होता. मग जुना परत टाकून गेला. मोडतंय हे त्यानं पाहिलं, म्हणून तर मी निर्धास्त होतो."