बिरदेवची बॅटरी
नाताळच्या सकाळी मी उपासनेत दरवर्षीचाच भाग सांगितला. रानात रात्रीचे कळप राखणाऱ्या मेंढपाळांभोवती एकाएकी लख्ख उजेड पडला, ते घाबरले, आणि मग तारणाऱ्याच्या जन्माची बातमी ऐकून बाळाला बघायला गावात धावले. "तेव्हा उजेडाला भिऊ नका," मी म्हणालो. जतच्या आमच्या मंडळीत खरा मेंढपाळ एकच, म्हातारा बिरदेव. तो मागच्या बाकावरून उठला. "पाळकसाहेब, समदी बघाय गेली, तवा मेंढरांपाशी कोण थांबलं?" अठरा वर्षं मी हा भाग सांगतोय, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. कुणीतरी हसलं. "देवानं राखली असतील की," मी बोलून गेलो. बिरदेव पुढे आला आणि वेदीवरच्या मेणबत्त्यांशेजारी त्यानं आपली जुनी बॅटरी ठेवली. "गेल्या नाताळला आदल्या सांजंला मी हितं गाणी ऐकाय आलतो. घरात ही एकच बॅटरी, ती घिऊन आलो. माझी बायकू सुला अंधारात मेंढरांपाशी थांबली." त्या सांजेला मेंढरं चोरायला आलेल्या टेंपोनं त्याच्या बायकोला उडवलं, हे आम्हाला माहीत होतं. मेंढरं सोडून ती रस्त्यापर्यंत का गेली, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं. बिरदेव माझ्याकडे बघत म्हणाला, "उजेडाला भ्याली न्हाई ती, पाळकसाहेब. मरताना मला म्हणाली, वाटलं, तुमीच आलासा."