नावांचं चाक

वर्गासाठी फुकटातली ॲप धुंडाळताना सुनीती म्याडमना नावांचं चाक सापडलं. त्यात पोरांची नावं टाकायची, वर्गातल्या टीव्हीवर चाक फिरवायचं आणि काटा ज्याच्या नावावर थांबेल त्यानं डोक्याला रुमाल बांधून सगळ्यांना खिचडी वाढायची. "चाक कोणाचं तोंड पाहून थांबत नाही," म्याडमनी पोरांना ठासून सांगितलं.

पहिल्याच दिवशी काटा बुद्धविहारामागं राहणाऱ्या श्रावस्तीवर थांबला. तिनं मन लावून खिचडी वाढली.

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक ढोले सरांनी म्याडमना थांबवलं. "दोघातिघांच्या घरून फोन आले. त्या पोरीच्या हातचं चालत नाई म्हणतात. आपल्या मनात तसं काई नाई, पण गावात राहा लागते. चाकातून एखादं नाव काढता येते का?"

"येतं, सर."

"मंग झालं! तोंडानं कोणाले काई बोलाचंच नाई."

म्याडमना संताप आला. आर्वीची एसटी येईपर्यंत तो टिकला. गाडीत बसायला जागा मिळाली, तेव्हा त्यांनी फोन उघडला आणि नाव काढून टाकलं.

टीव्हीवरच्या चाकातली बारीक अक्षरं पोरांना वाचता येत नाहीत; आलेलं नाव म्याडमच वाचून सांगतात. श्रावस्ती आता रोज घरूनच धुतलेला रुमाल आणते, चाक थांबेपर्यंत श्वास रोखून बसते आणि दुसऱ्याचं नाव आलं की सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवते.

"असू द्या, म्याडम," काल रुमालाची घडी घालताना तीच म्हणाली, "चाक थोडीच कोणाचं तोंड पाहून थांबते!"