जपून, मम्मी

सॅमच्या डॅशहुंड कुत्रीला, ब्राउनीला, मणक्याचं दुखणं लागलं. लांब पाठीच्या या जातीला ते होतंच, असं राहुरीचे डॉक्टर म्हणाले. दीड महिना पिंजऱ्यात ठेवायची, उडी बंद, जिना बंद. सॅमची नोकरी पुण्याला. “मम्मी, तू घरीच असतेस ना,” म्हणाला आणि माडीवर पिंजरा ठेवून गेला.

तेव्हापासून रेबेकाबाईंचं चर्चसुद्धा सुटलं. ब्राउनीला शी-शूला न्यायचं म्हणजे तिला उचलून जिना उतरायचा आणि तिला घेऊनच परत चढायचा.

आज सॅमचा फोन स्पीकरवर होता.

“जपून, मम्मी.”

त्यांना जरा बरं वाटलं.

“एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. तिची पाठ वाकता कामा नये.”

रेबेकाबाई वाकल्या, त्यांनी ब्राउनीला उचललं आणि कमरेतून अशी कळ आली की तोंडून आवाज निघालाच.

सॅम घाबरला. “कण्हली का गं ती?”

ब्राउनी त्यांच्या दंडावर मान टाकून निवांत पडली होती.

“हो रे,” भिंतीला टेकत रेबेकाबाई म्हणाल्या. “लई कण्हते. येतोस का?”