हरवलेला स्क्रू

"आज तुला फ्रिज उचलायला लावलाय," मुलगी म्हणाली आणि तिने फोन आईसमोर धरला.

न्यायाधीश बाईंनी चष्मा वर सरकवला. फोटोत त्या काळा कोट घालून, पाठीवर भलामोठा फ्रिज घेऊन एका हॉटेलच्या दारात उभ्या होत्या. खाली लिहिलं होतं : पहिल्या भेटीला निघालेय, उशीर होईल.

"कोट तरी इस्त्रीचा दाखवायचा," बाई म्हणाल्या.

"आई, मला हसू येत नाहीये."

प्रकरण तीन आठवड्यांपूर्वीचं. बाई कौटुंबिक न्यायालयातून निवृत्त झाल्या, म्हणून टीव्हीवर मुलाखत झाली. त्यांच्या कडक निकालांमुळे शहरभर लोक त्यांना ओळखत होतेच. मुलाखत संपताना कुणीतरी विचारलं, जोडीदार शोधणाऱ्या तरुणांना काय सांगाल? बाईंनी निकाल वाचावा तशा आवाजात सांगितलं, "पहिल्या भेटीला हॉटेलात जाऊ नका. तिथे सगळेच गोड वागतात. घरातली एखादी बिघडलेली वस्तू घ्या आणि दोघं मिळून दुरुस्त करायला बसा. स्क्रू हरवला की माणूस कळतो."

झालं! दुसऱ्या दिवसापासून इंटरनेटला उधाण आलं. कुणी मिक्सरला गजरा बांधला, कुणी वॉशिंग मशीनला गुडघे टेकून मागणी घातली. 'बाईंचाच स्क्रू ढिला' हे वाक्य तर टी-शर्टांवर आलं. मुलीच्या ऑफिसात कुणीतरी तिच्या टेबलावर मोडका स्टेपलर ठेवला आणि चिठ्ठी चिकटवली : येतेस का?

"लोक काय म्हणतात ते माहितीये तुला?" मुलीचा आवाज चिरकला. "स्वतःचा संसार मोडला आणि निघाली दुसऱ्यांचे जुळवायला!"

बाईंचा घटस्फोट झाला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली होती.

"बरोबरच म्हणतात," त्या म्हणाल्या. "मोडला म्हणूनच तर कळलं."

त्याच संध्याकाळी एका विनोदी कार्यक्रमातून बोलावणं आलं. थेट प्रक्षेपण होतं. बोलावून टिंगल करणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"जाऊ नकोस," मुलगी म्हणाली.

"हजारो माणसांना मी समोरासमोर उभं केलं. माझी वेळ आल्यावर पळू?"

सभागृह खचाखच भरलं होतं. मुलगी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. निवेदकाने हातातल्या कार्डांवरून विनोदामागून विनोद सोडले, आणि लोक खुर्च्यांत लोळले. बाई ताठ बसून होत्या. मग त्याने टाळी वाजवली, आणि टेबलावर एक बंद पडलेला टेबलफॅन आणून ठेवला गेला. शेजारी पक्कड, पेचकस, तेलाची बाटली.

"तर मंडळी, बाईंच्या पहिल्या भेटीला कोण येतंय?"

हशा पिकला. हात मात्र एकही वर आला नाही. बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक पांढऱ्या केसांचा माणूस उठला आणि सावकाश पायऱ्या उतरून मंचावर आला. तो उतरत असतानाच मुलीने मागे वळून पाहिलं होतं आणि तोंडावर हात ठेवला होता.

"काय करता आपण?" निवेदकाने विचारलं.

"घरांचे नकाशे काढायचो. आता निवृत्त आहे."

"बाईंचे चाहते दिसताय!"

"छे हो. माझं त्यांच्याशी मुळीच पटत नाही."

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. बाईंनी पदर खोचला, पेचकस उचलला आणि म्हणाल्या, "बसा."

जाळी निघाली. पाती निघाली. मागे दांड्याला दोऱ्यांचा गुंता आवळून बसला होता. तो सोडवताना एक स्क्रू टणकन उडाला आणि टेबलाखाली गेला.

"स्क्रू हरवला!" सगळे एका सुरात ओरडले.

"हात आपटलात तुम्ही," तो म्हणाला.

"टेबल तुम्ही हलवलंत," बाई म्हणाल्या.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. निवेदक खुशीत आला. त्याला हवं होतं ते हेच. पण तो माणूस टेबलाला धरून, कण्हत, खाली बसला. बाईही बसल्या. टेबलाखाली कॅमेरा पोचत नव्हता.

"टेबल मीच हलवलं," तो हळू आवाजात म्हणाला.

बाईंची बोटं जमिनीवर तशीच थांबली.

"आणि हात मीच आपटला," त्या म्हणाल्या.

स्क्रू त्यांच्या चपलेपाशी सापडला. दोघं एकमेकांना आधार देत उठले. त्याने गुंता कापला, बाईंनी तेलाचे दोन थेंब सोडले, पाती बसवली. बटण दाबलं. पंखा कुरकुरला, अडखळला आणि भरारा फिरू लागला. निवेदकाची उरलेली सगळी कार्डं वाऱ्यावर उडून गेली. लोक उभे राहिले. टाळ्या काही थांबेनात, शिट्ट्या झाल्या, आणि 'स्क्रू ढिला'चे टी-शर्ट घालून आलेली पोरंच सगळ्यात जोरात ओरडत होती. बाई तीन आठवड्यांत पहिल्यांदा खळखळून हसल्या.

हरलेल्या निवेदकाने शेवटचा प्रयत्न म्हणून माइक पहिल्या रांगेत नेला. "ताई, आईला दुसऱ्या भेटीची परवानगी देणार का? थांबा, आधी तो पंखा बंद करतो, आवाज येतोय."

मुलीचे डोळे वाहत होते. तिने माइक घट्ट धरला.

"राहू द्या चालू," ती म्हणाली. "माझ्या आईबाबांनी मिळून दुरुस्त केलेली ही पहिलीच वस्तू आहे."