खोकडीचं बीळ

खोकडीच्या गळ्यातल्या रेडिओपट्ट्याचा सिग्नल सकाळपासून एकाच जागेवरून येत होता. पिल्लांना पाजत बसली असेल, असं मनाशी म्हणत, या लहान कोल्ह्यांचा अभ्यास करणारी केतकी अँटेना धरून माळ तुडवत होती.

वाटेत मेंढ्या राखणारी ठकूबाई भेटली.

"कुत्र्यांनी माझी कोकरं फाडली बघ. म्हणून काल मटणाला औषध लावून ओढ्याकाठी टाकलं. आज बघते तर मटण गायब, अन् कुत्री तशीच हिंडतायत."

केतकीला एकाच जागेवरून येणारा सिग्नल आठवला. ती पळतच सुटली. ठकूबाईही तिच्यामागे निघाली.

खोकड बिळाच्या तोंडाशी आडवी पडली होती, तोंडाला फेस सुकलेला. केतकीनं वाकून आत टॉर्च मारला. खोकडीनं मटण पिल्लांसाठीही आणलं होतं. पिल्लं एकमेकांना बिलगून पडली होती. एकही हललं नाही.

"कुत्र्यांसाठी टाकलं होतं गं पोरी," ठकूबाई कशीबशी म्हणाली.

तिच्यावर ओरडावं, असं केतकीला फार वाटलं.

"यांना कुणी खाल्लं तर तेही मरेल, मावशी," एवढंच ती बोलली.

ठकूबाईनं खोकडीला उचलून पिल्लांजवळ सरकवलं आणि ती हातांनीच बिळात माती लोटायला लागली. थोड्या वेळानं केतकीही तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली.