तिसरं वाक्य

ऐकण्याच्या तासाला हेमलताबाई कपाटातून सोनूला काढायच्या. ही यंत्रबाहुली रडायला लागली, की तिसरीतल्या मुलांनी तिच्यासमोर बसायचं, डोळ्यांत बघायचं आणि तिचं दुःख आपल्या शब्दांत तिला सांगायचं. तिसऱ्या वाक्याला सोनू डोळे पुसायची. नाहीच थांबली, तर मानेमागे बटण होतं.

त्या सोमवारी सोनू कपाटातच होती. रडत होती ती कस्तुरी. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदाच शाळेत आली होती.

ऐकण्यात सगळ्यांत हुशार असलेला ऋतुराज तिच्यासमोर जाऊन बसला. "तुला खूप वाईट वाटतंय. आईची आठवण येतेय म्हणून तू रडतेस. मी ऐकतोय."

कस्तुरी आणखीच हमसून रडू लागली.

"बाई, मी तिन्ही वाक्यं बरोबर म्हटली," तो वैतागून म्हणाला. मागच्या बाकावरच्या शर्वरीने कस्तुरीची वेणी उचलून तिची मान चाचपली.

बाईंनी शर्वरीचा हात झटकला आणि कस्तुरीला कुशीत ओढलं. हुंदके थांबेनात. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपला अंगठा मघापासून तिच्या मानेमागची तीच जागा दाबतोय.